कानसेनाचे कान

बाजू पहिली

टोपी

कानांच्या दवाखान्यात टोपी घालून येणारी माणसं दोन प्रकारची. एक टकली, दुसरी लाजरी. त्या सकाळी आलेल्या गृहस्थांनी टोपी काढली तर खाली केस भरपूर होते. पांढरे, नीट विंचरलेले, कानांवर मुद्दाम वाढवलेले.

"बसा," ती म्हणाली.

"जरा हळू, मॅडम. बाहेर माणसं बसलीत."

"हळू बोलले तर तुम्हाला कळेल का?"

"नाही," तो म्हणाला आणि हसला. "तीच तर पंचाईत आहे."

त्या हसण्याने घात केला. चेहरा तिने कधी जवळून पाहिला नव्हता. पण हे हसणं, घशाच्या तळातून निघून खोकल्याला घासून येणारं, तिने अर्धं आयुष्य रेडिओवर ऐकलं होतं. 'धूळ झटकताना' हा रविवारचा कार्यक्रम त्या हसण्यानेच सुरू होई. मागच्या दशकांतले रॉकचे अल्बम काढायचे, दर रविवारी एक पुन्हा ऐकायचा आणि तो आपल्याला पहिल्यांदा कसा भेटला ते सांगायचं. शहरात त्याला सगळे कानसेन म्हणत. कानसेनाने वाखाणलं की दुकानासमोर रांग. कानसेनाने नाक मुरडलं की लोक न ऐकताच फेकून देत.

"काम काय करता?" तिने विचारलं. ठाऊक असून विचारलं.

"ऐकतो," तो म्हणाला. मग जरा पुढे वाकून, "म्हणून तर टोपी. मॅडम, आचाऱ्याची जीभ गेली तर तो कुणाला सांगेल का? हे तुमच्या-माझ्यात राहू द्या. रेडिओत कुणाला नाही माहीत. मुलीलाही नाही."

"राहील की," ती म्हणाली, आणि त्याच्या उजव्या कानात उजेड टाकला.

पातेलं

आता तिचं सांगायला हवं.

दवाखान्यात ती मॅडम. पण ऐन विशीत ती 'वाकडे खिळे' नावाच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवायची, आणि तेव्हा तिला सगळे खर्जी म्हणत. लीड गिटार तिच्या थोरल्या भावाची. ड्रमवर बडव्या होता, आणि गाणारा होता तो बडव्याचा मावसभाऊ. त्याला गाता येत नसे. तो सुरात भांडायचा. तालमी चालत त्या एका बंद पडलेल्या छापखान्याच्या खोलीत. तिथे शाईचा वास होता आणि वीज जाऊन-येऊन होती. बाकी काही नव्हतं.

अल्बम एकच काढला. 'जिना बंद आहे.' काळं वेष्टण, त्यावर खडूने काढलेली फुली.

तो बाहेर आला त्याच आठवड्यात कानसेनाने आपल्या वर्तमानपत्रातल्या सदरात लिहिलं: "तीन जण भांडत आहेत आणि चौथा भिंतीत खिळे ठोकतो आहे. तबकडी घेतलीच असेल तर फेकू नका. गरम पातेलं ठेवायला बरी आहे. काळी आहे, डाग दिसणार नाहीत."

लोक हसले. विनोद चांगला होता हो, हसणारच. ओळखीचे लोक रस्त्यात थांबवून विचारायचे, "काय रे, पातेलं आहे का एखादं?" दुकानदारांनी खोकी परत पाठवली. गरम पातेलं ठेवलं तर तबकडी द्रोणासारखी वाकते, एवढं साधं ज्याला ठाऊक नाही त्याने त्यांचा निकाल लावला. बडव्या परगावी गेला. मावसभाऊ विम्यात गेला.

आणि दादा? दादा भांडला नाही, रडला नाही. फक्त गप्प झाला. दात घासताना, जिना चढताना, जेवताना सतत काही ना काही गुणगुणणारा माणूस एका आठवड्यात असा मिटला, की आई घाबरून त्याच्या खोलीच्या दाराला कान लावून उभी राहायची. पुढे त्याने नळ, टाइल्स आणि बाथरूमच्या सामानाचं दुकान काढलं. चांगलं चाललं. लग्न झालं, वहिनी आली, संसार झाला. गिटार माळ्यावर गेली. गुणगुणणं परत आलं नाही ते नाहीच.

तिला सूड हवा होता का? हो. तिने कधी त्याला दुसरं, शहाणं नाव दिलं नाही. तिला हवं होतं की त्याच तोंडाने ते शब्द गिळावेत, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असे, आणि दादाने ते ऐकावेत. पण हवं असणं वेगळं आणि माणूस आपल्या पायांनी चालत येऊन, टोपी काढून, कान पुढे करून बसणं वेगळं.

न विचारलेला प्रश्न

यंत्राबद्दल थोडं. समजायला सोपं आहे.

कानामागच्या यंत्राला एक खोड असते. स्वतःचाच आवाज स्वतःत शिरला की ते शिट्टी मारतं. ती शिट्टी पकडायला आत एक पहारेकरी बसवलेला असतो. कुठलाही लांब, ताणलेला, एकाच उंचीवर थांबलेला स्वर आला की पहारेकरी म्हणतो, चोर! आणि त्याला तिथल्या तिथे कुरतडून टाकतो. बोलण्यात असे स्वर फारसे नसतात, म्हणून बोलणं आरशासारखं स्वच्छ येतं. पण गिटारवाल्याने एक सूर धरला, ओढला, रडवला, की यंत्राच्या दृष्टीने तो चोरच. वर आणखी एक हमाल बसवलेला असतो: मोठं ते दाबतो, बारीक ते उचलतो. झालं सगळं सपाट, लादीसारखं.

म्हणून ती प्रत्येकाला एक प्रश्न विचारत असे. "संगीत ऐकता का?" हो म्हटलं की ती यंत्रात दुसरा कप्पा करून देई. गाण्यासाठी. त्यात पहारेकरी झोपलेला आणि हमाल रजेवर. बटण दाबलं की कप्पा बदलला.

शिंप्याला तिने हा प्रश्न विचारला होता. गणिताच्या शिक्षकाला, शेजारच्या इमारतीच्या पहारेकऱ्याला, सगळ्यांना.

कानसेनाला विचारला नाही.

"गाणी नीट ऐकू येतील ना?" त्यानेच विचारलं.

"बोलणं अगदी लख्ख ऐकू येईल," ती म्हणाली. नरो वा कुंजरो वा.

तिने यंत्रं त्याच्या कानांमागे बसवली, केस वरून सारखे केले आणि कुजबुजली, "कसं वाटतंय?"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाई गं," तो म्हणाला, "तुमच्या हातात जादू आहे."

रविवार

रेडिओ दादाच्या दुकानात, गल्ल्याशेजारी. समोर ओळीने मांडलेले चकचकीत कमोड, बेसिन, नळ. दादा, वहिनी आणि ती. दर रविवारी सकाळी ती तिथे चहाला जायची.

रेडिओ: (हसणं.) मित्रहो, आज धूळ झटकायची आहे 'काचेचा घोडा' या अल्बमवरची. तुम्हाला माहीत आहे, या अल्बमसाठी मी भांडणं केली आहेत. माझ्या कुत्र्याचं नाव मी घोडा ठेवलं होतं.

वहिनी: माणसाने कुत्र्याचं नाव घोडा ठेवावं!

रेडिओ: काल रात्री जेवणानंतर लावला. आणि मित्रहो... मी फसलो होतो. ती प्रसिद्ध गिटार, जिच्यावर आपण सगळे जीव टाकत होतो, ती थरथरते, बुडबुडते, पाण्यात पडलेल्या माशीसारखी फडफडते. त्यात जीवच नाही. आपण तरुण होतो. आपल्याला काहीही आवडत होतं.

दादा: (चहाचा कप खाली ठेवून) हा काय बोलतोय? ती गिटार? त्या गिटारीला नावं ठेवतोय?

ती: म्हातारपण, दादा.

वहिनी: तुम्ही का हसताय, वन्सं?

ती: चहा गोड झालाय.

इथे सुई अडकते

पुढच्या रविवारी 'उपाशी चंद्र'. कानसेन म्हणाला, पत्र्यावर मांजर घसरतंय.

पुढच्या रविवारी 'निळ्या छताखाली'. कानसेन म्हणाला, ऑर्गन आहे की दाढ दुखतेय कुणाची.

पुढच्या रविवारी 'राखेचं विमान', ज्याच्या वेष्टणावर त्याची स्वतःची प्रस्तावना होती. कानसेन म्हणाला, ती प्रस्तावना मी मागे घेतो.

पुढच्या रविवारी.

पुढच्या रविवारी.

ती चहा प्यायची आणि ऐकायची. एकेक देव तो आपल्याच हातांनी देव्हाऱ्यातून उचलून रस्त्यावर ठेवत होता. लोक आधी चिडले, मग त्यांना मजा वाटू लागली, मग ते म्हणू लागले, याला म्हणतात प्रामाणिकपणा! कार्यक्रम पूर्वी कधी नव्हता इतका गाजला. ते तिच्या पथ्यावरच पडलं. माणूस पाडायचा तर उंचावरून पडलेला बरा.

बाजू दुसरी

मळ

मधे तो एकदा मळ काढायला आला. टोपी होतीच. पण खांदे उतरलेले.

"कार्यक्रम ऐकते मी तुमचा," ती म्हणाली.

"ऐकता? मग शिव्या देत असाल."

"छे. पण एक विचारू? तुम्ही इतकी वर्षं ज्याच्यावर जीव टाकला, ते सगळं एकदम वाईट कसं झालं?" ती पुढे म्हणाली, "कान पुन्हा तपासूया का?"

हे तिने का विचारलं, ते तिलाही सांगता आलं नसतं. कदाचित फास किती घट्ट बसलाय ते बोट घालून पाहायचं असेल. कदाचित दार उघडून द्यायचं असेल.

कानसेन ताठ झाला. "मॅडम, तुमचं बोलणं मला कसं ऐकू येतंय? घंटेसारखं. बाहेर बाकड्यावरच्या आजोबांना त्यांची सून काय टोमणे मारतेय तेसुद्धा ऐकू येतंय. कान उत्तम आहेत. माझ्या कानांवर आयुष्यात कुणी शंका घेतली नाही. मीसुद्धा नाही."

"म्हणजे संगीतच वाईट?"

"संगीतच." तो खुर्चीत मागे टेकला. "घरी भिंतभर तबकड्या आहेत. एक काढतो, लावतो, परत ठेवतो. बायको गेली तेव्हा महिनाभर मी 'उपाशी चंद्र' लावून बसायचो. दुसरं काही जमत नव्हतं. परवा तो लावला आणि वाटलं, या पत्र्याच्या आवाजाजवळ बसून मी रडत होतो? मग मी कुणासाठी रडत होतो, मॅडम?"

तिने चिमट्याने मळ काढला आणि कापसावर ठेवला.

इथे तिचं मन विरघळायला हवं होतं. थोडं विरघळलंही. पण तेवढ्यात तिला आठवली दाराला कान लावून उभी असलेली आई. आणि ती म्हणाली, "पुढच्या वेळी ब्रश घेऊन जा, जाळी घरीच साफ करता येते."

तो दारापर्यंत गेला आणि वळला. "एक अल्बम मात्र राहिलाय. मी तो पार आडवा केला होता. काहीतरी खिळे-बिळे नाव होतं. आता जे उभे होते ते सगळे आडवे झालेच आहेत, तर म्हटलं त्यालाही न्याय देऊ. पुन्हा एकदा पातेलं ठेवू."

कमोड

रविवार. दुकान. आज कोणता अल्बम, ते रेडिओने आठवडाभर आधीच जाहीर केलं होतं. तिने वहिनीला सांगितलं होतं की रेडिओ बिघडलाय म्हण. वहिनी म्हणाली, मी का खोटं बोलू, आणि आवाज वाढवला.

दादाच्या हातात नळाचा जोड होता. "राहू दे," तो म्हणाला. "पुन्हा मारणार असेल तर मारू दे. मेलेल्याला काय मारणार?"

रेडिओ: (हसणं नाही.) मित्रहो, आज मला माफी मागायची आहे.

दादाचे हात थांबले.

रेडिओ: 'जिना बंद आहे.' वाकडे खिळे. मी या अल्बमबद्दल एक स्वस्त विनोद केला होता. तुमच्यापैकी काहींना तो पाठ असेल. काल मी हा अल्बम ऐकला. एकदा ऐकला. मग पुन्हा ऐकला. या सगळ्या महिन्यांत पहिल्यांदा, मित्रहो, माझ्या खोलीत संगीत वाजलं. एकेक सूर दगडासारखा. ठाम. कुठे लाडीगोडी नाही, कुठे ओढाताण नाही. गाणारा गात नाही, तो सांगतो, आणि त्याचा शब्द न् शब्द कळतो. त्या सगळ्या दशकांतलं टिकलेलं असं एकच काही असेल तर ते हे आहे. आणि मी त्यावर पातेलं ठेवलं. मी चुकलो. ही मुलं कुठे असतील तिथे त्यांना माझा नमस्कार.

आणि मग अल्बमच सुरू झाला.

दादा मागे सरकला आणि जे मागे होतं त्यावर बसला. मागे मांडणीतला कमोड होता. तिथे बसून, हातात नळाचा जोड धरून, तो रडला. चांगला मोठ्याने, नाक वाहीपर्यंत.

"उठा हो," वहिनी म्हणाली, पण तीही पदराने डोळे पुसत होती. "गिऱ्हाईक येईल. काय म्हणेल?"

"म्हणू दे," दादा म्हणाला. "खर्जे, ऐकलंस? दगडासारखा, म्हणाला. ठाम, म्हणाला."

"ऐकलं."

"तुझाही सूर आला त्यात. सगळ्यांचेच आले."

हाच तो क्षण. याच्यासाठी ती जगली होती म्हटलं तरी चालेल. तिला आनंद व्हायला हवा होता. तिने घोट घेतला. चहा निवला होता.

कारण ती कानवाली होती. तिचं मन दुसरीकडेच धावत होतं. महिनोन् महिने ज्या यंत्रातून प्रत्येक गोष्ट चिंधी होऊन बाहेर आली, त्याच यंत्रातून त्यांचं गाणं दगडासारखं ठाम कसं आलं?

नळी

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी तिने तसंच एक यंत्र घेतलं, त्यात कानसेनाच्या यंत्रासारखंच सगळं भरलं आणि त्याला ऐकायची नळी लावली. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखी असते ती. त्यातून पेशंटला जे ऐकू येतं ते आपल्याला ऐकू येतं. घरून तिने रेकॉर्ड प्लेअर आणला होता.

आधी 'काचेचा घोडा' लावला.

गि     र र      ट र
ओढ       ढ    त      ओ
र   र   र

काढून ठेवला. मग 'जिना बंद आहे'.

टक. टक. धम. "दार. उघड. दार. उघड." टक. धम. टक.

एक सूर तुटला नाही. तुटणार कसा? दादाचा अॅम्प्लिफायर जुना, कुणाच्या तरी गोठ्यात पडलेला होता. सूर जरा लांबवला की तो किंचाळायचा. म्हणून दादाने एक सवय लावून घेतली होती. सूर छेडायचा आणि लगेच तळहाताने तारा दाबायच्या. छेड, दाब. छेड, दाब. एकही सूर लांबू द्यायचा नाही. त्याचं बघून तीही तसंच वाजवू लागली. आणि मावसभाऊ तर गातच नव्हता, बोलत होता. बोलणं यंत्राला लख्ख ऐकू येतं. अख्ख्या अल्बममध्ये पहारेकऱ्याला पकडायला एकसुद्धा चोर नव्हता.

तिने नळी कानातून काढली.

म्हणजे त्याने काहीच मागे घेतलं नव्हतं. माफी मागितली होती ती तिने बिघडवलेल्या कानांनी. दादा ज्याच्यावर रडला ते कौतुक तिने स्वतःच, स्वतःच्या हाताने, यंत्रात भरलं होतं. आणि अल्बम खरंच चांगला होता की नव्हता? तिने तो पुन्हा लावला, नळीशिवाय, उघड्या कानांनी. ऐकला. काही कळेना. स्वतःच्या घराचा वास स्वतःला येत नाही, तसं.

तेवढ्यात दादाचा फोन. "अगं, रेडिओवाल्यांनी मला शोधून काढलं! येत्या रविवारी बोलावलंय. कानसेनाला समोर बसून बोलायचंय माझ्याशी. मी गिटार उतरवलीय माळ्यावरून. तारा गंजल्यात." आणि फोन ठेवता ठेवता तो काहीतरी गुणगुणला.

इतक्या वर्षांनी.

खोटं होतं ते. पण गुणगुणणं खरं होतं.

दार

तिने कानसेनाला फोन करून बोलावलं. यंत्रात काही राहून गेलंय, म्हणाली. तो आला तेव्हा आनंदात होता, टोपीसुद्धा कपाळावरून मागे सरकलेली.

तिने दुसरा कप्पा भरला, यंत्रं त्याच्या कानांमागे लावली, बटण दाबलं आणि 'उपाशी चंद्र' लावला.

पहिली गिटार आली. लांब, एकाच सुरावर थांबलेली, संपता न संपणारी. त्याचा हात खुर्चीच्या दांडीवर आवळला. ती त्याच्याकडे बघत राहिली. तिने यासाठीही काही कमी वाट पाहिली नव्हती. त्याच्या चेहऱ्यावर आधी सुख आलं. मग बायको आली असावी. मग हळूहळू एकेक रविवार येऊ लागला.

"बंद करा," तो म्हणाला.

तिने बंद केलं.

"हे काय केलंत?"

"जे राहिलं होतं ते."

"हे पहिल्या दिवशी करता आलं असतं?"

"चुटकीसरशी."

"मग?"

"मी 'वाकडे खिळे'मध्ये बेस वाजवायचे. गिटार माझ्या दादाची. पातेलं आठवतं ना?"

"तुमची सनद काढून घेतील," तो म्हणाला. "एक तक्रार केली की पुरे."

"करा ना. त्यात लिहा, कानसेनाला ऐकू येत नाही. लिहा, वर्षातला बराच काळ कानसेन बहिऱ्या कानांनी निकाल देत होता. 'काचेचा घोडा' चांगला आहे, 'उपाशी चंद्र' चांगला आहे, माझे कान तेवढे वाईट होते. येत्या रविवारी सांगून टाका. समोर माझा दादा असेलच."

तो बोलणार नव्हता, हे तिला पहिल्या दिवशी टोपी पाहिली तेव्हापासून ठाऊक होतं. जगातले सगळे अल्बम बुडाले तरी चालतील, पण कान गेले हे तो कबूल करणार नाही. आता जन्मभर त्याने 'जिना बंद आहे' डोक्यावर घेऊन फिरायचं आणि ज्यांच्यावर जीव होता त्यांच्याकडे बघायचंही नाही. सूड पुरा झाला होता. इथेच तिने त्याला जाऊ द्यायला हवं होतं.

पण माणसाची हाव. जिंकलेल्याची हाव तर फारच वाईट.

"आता आमचा ऐका," ती म्हणाली. "या नीट कानांनी. आणि मला खरं सांगा. फक्त मला."

"का?"

"सांगा तुम्ही. बाकी काही नको मला."

त्याने डोळे मिटले. तिने सुई ठेवली. अख्खी बाजू वाजली. टक, धम, दार उघड. ती त्याच्या पापण्या बघत होती, ओठ बघत होती, बोटं ताल धरतात का बघत होती. त्याने चेहऱ्यावरची एक रेघ हलू दिली नाही. बाजू संपली, सुई मधल्या कागदाशी खरखरत राहिली.

"अप्रतिम," तो म्हणाला.

"खरं सांगा."

"खरंच सांगतो. असा अल्बम पुन्हा झाला नाही. आणि बेस! बेसबद्दल तर मी बोललोच नाही रेडिओवर. बेस म्हणजे या अल्बमचा कणा. कोण वाजवायचं म्हणालात? तुम्ही? वा." गोड बोलत होता. साखर पेरत होता. "गिटारसुद्धा काय संयमी. असं वाटतं, या माणसाला सूर लांबवता येत होता, पण त्याने लांबवला नाही."

"खोटं बोलताय तुम्ही."

"खोटं का बोलू? तुम्हाला कौतुक हवं होतं, देतोय."

"मला खरं हवंय! वाईट असला तर वाईट म्हणा. पुन्हा पातेलं ठेवा, पण खरं बोला."

तो हसला. घशाच्या तळातून, खोकल्याला घासून. त्याने आधी उजव्या कानामागचं यंत्र काढलं, मग डाव्या. दोन्ही नीट डबीत ठेवली, डबी खिशात टाकली, केस कानांवर सारखे केले आणि टोपी घातली.

"काय म्हणालात?" त्याने विचारलं. आणि तिच्या तोंडाकडे न बघता उठला.

ती त्याच्या मागे दारापर्यंत गेली. "सांगून जा! चांगला होता का? एवढंच सांगा!"

दार उघडल्यावर तो वळला आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, सगळ्या बाकड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "रविवारी दादांना वेळेवर पाठवा हं, मॅडम! गिटार घेऊन. मी त्यांची तारीफ करणार आहे. खूप तारीफ करणार आहे. दर रविवारी."

"नको," ती म्हणाली.

तो पायऱ्या उतरायला लागला होता.

"नको!" ती ओरडली. बाकड्यावर बसलेल्या आजोबांनी, ज्यांच्या सुनेला एकच वाक्य तीनदा म्हणावं लागे, त्यांनीसुद्धा मान वर करून पाहिलं. कानसेनाने पाहिलं नाही. तो कठड्याला धरून सावकाश उतरत गेला.